तोरणमाळच्या पठारावर गोफणवाला तारा

दिवाळी अमावास्येला येते, ही आकाश बघणाऱ्यांची मोठीच अडचण आहे. पावसाळा नुकताच धुऊन गेलेला, हवा स्वच्छ, रात्र वर्षातली सगळ्यात काळी, आणि नेमकं तेव्हाच अख्खं जळगाव फटाक्यांच्या धुरात. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुर्बीण गाडीत टाकून निघालो असतो तर परत घरात घेतलं असतं की नाही, शंकाच आहे. म्हणून भाऊबीज होऊ दिली, ओवाळणीचा हिशेब मिटवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी, भाचा आणि आमचे सर. सर शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गाडीत बसल्या बसल्या हजेरी घेतल्यासारखं सामान विचारतात: लाल टॉर्च? चार्ट? घड्याळ मिळवलं का?

जायचं होतं तोरणमाळला, आणि बघायचा होता कुंभ राशीतला एक तारा. एई अ‍ॅक्वेरी. दुर्बिणीतून तो एकच ठिपका दिसतो. प्रत्यक्षात ती जोडी आहे: एक सूर्यापेक्षा लहान, नारिंगी तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा पृथ्वीएवढा उरलेला गाभा. दोघांमधलं अंतर सूर्याच्या व्यासापेक्षा थोडंच जास्त. इतक्या जवळ असल्यामुळे नारिंगी ताऱ्याचा वायू ओढला जाऊन बटूकडे वाहतो. अशा जोड्या आकाशात पुष्कळ आहेत. ही जोडी वेगळी का, ते पुढे येईलच.

जळगाव, चोपडा, शहादा

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याबद्दल खानदेशातल्या माणसाला काही सांगायला नको. चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी, मग कापूस, मग शिरपूर. कापसाची वेचणी जोरात होती आणि डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेने ओळीने चालत होत्या. शिरपूरच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. लाल तर्री, वर तिखट शेव, आणि सोबत कळण्याची भाकरी मिळाली, जी ढाब्यावर सहसा मिळत नाही. सरांनी तीन वेळा रस्सा मागितला आणि मग शहाद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

शहाद्यात टाकी भरून घ्या. त्यानंतर पेट्रोलच्या आशेवर राहू नका. भाजी, पाणी, औषधं, दुर्बिणीला लागणारे सेल, जे काही हवं ते शहाद्यातच. चार्ट आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, वर नेटवर्क येतं-जातं.

तिथून पुढे सपाटी संपते आणि सातपुडा सुरू होतो. सातपायरी घाटाची वळणं चढताना भाच्याने खिडकीची काच खाली केली आणि पहिल्यांदाच गार वारा आत आला. घाटाच्या कडेला पावरा आदिवासी बायका पाट्यांत सीताफळं मांडून बसल्या होत्या. शहरात मिळतात त्यापेक्षा लहान, पण डोळे मोठे आणि गर पांढराशुभ्र. एकीने पाटीतलं एक फळ बोटाने दाबून पाहिलं आणि बाजूला काढलं. म्हणाली, हे उद्या खा, बाकीची आज. तिचं गणित तंतोतंत निघालं.

तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. वर यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, सीताखाई, थोडीशी वस्ती आणि भरपूर काळोख. आम्ही एका पावरा कुटुंबाच्या घरी उतरलो. त्यांच्या अंगणापासून जरा पुढे मोकळं रान होतं आणि पश्चिमेला झाड नव्हतं. आम्हाला पश्चिमच हवी होती.

पहिली रात्र

तृतीयेची कोर साडेसातच्या सुमारास मावळली. तोवर दुर्बीण मांडून, आरसा हवेशी गार होऊ देऊन बसलो होतो. आठ इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे लाकडी खोक्यावर बसवलेली नळी. तिला मोटर नाही, हातानेच ढकलायची.

तारा शोधायला सोपा आहे. श्रवण ओळखता येतो ना, मग झालंच. श्रवणाच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, थीटा अ‍ॅक्विली हा नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा आहे. तिथून सरळ पूर्वेला सात अंश सरकलं की ७१ अ‍ॅक्विली येतो, तोही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याला दुर्बिणीत मधोमध घ्या. त्याच्या ईशान्येला अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर आपला पाहुणा. वर धनिष्ठेचा चौकोन दिसत असला की दिशा चुकत नाही.

ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (तारा जितका मंद तितका आकडा मोठा), अकराच्या पुढेमागे असते. नुसता डोळा सहाव्या प्रतीपर्यंतच पोचतो, म्हणजे हा त्याच्यापेक्षा जवळपास शंभर पटींनी मंद. आठ इंचीत मात्र तो सरळ दिसतो, तिरक्या नजरेचीही गरज पडत नाही.

आमचं काम असं होतं: दर पाच मिनिटांनी आधी मी, मग सर, आयपीसला डोळा लावून ताऱ्याची प्रत अंदाजायची. त्याच क्षेत्रात ज्यांची प्रत ठाऊक आहे असे तुलनेचे तारे असतात. एक आपल्यापेक्षा थोडा तेजस्वी, एक थोडा मंद, आणि आपला दोघांमध्ये कुठे बसतो ते सांगायचं. हे चार्ट अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ सालची संस्था फुकट देते. त्यावर ११.४ असेल तर ११४ छापलेलं असतं, दशांशचिन्ह गाळून, कारण काळ्या ठिपक्यांच्या नकाशावर आणखी एक ठिपका म्हणजे आणखी एक तारा. आकडा मी भाच्याच्या कानात सांगायचा, सरांनीही तसंच. दुसऱ्याचा आकडा ऐकला की आपला आकडा आपोआप तिकडे झुकतो. सरांची ही शिस्त मला आधी जाच वाटायची.

घरमालक दादा जेवण आटोपून आले. खूप उत्सुकतेने डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हाच?"

"हाच."

"साधाच आहे की."

खरं होतं. मग त्यांना हंस तारकासमूहाच्या चोचीतली अल्बिरिओ ही जोडी दाखवली, एक तारा सोनेरी आणि एक निळसर. ते खूश. घरातली झाडून सगळी मंडळी आली, लेकरांची रांग लागली आणि आमच्या दर पाच मिनिटांच्या नोंदींत चांगली पाऊण तासाची भगदाडं पडली. तक्रार नाही. माझ्या मते दुर्बीण घेऊन गावात गेलात तर पहिली रात्र गावाची, हे धरूनच चालावं.

अकरानंतर तारा खाली उतरला आणि आम्ही थांबलो. पूर्ण रात्रीत तो ११.३ ते ११.५ एवढाच हलला. डोळ्याची चूकच एका प्रतीच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाची असते, म्हणजे काहीही झालं नाही म्हणा. बदल म्हणून हंसातलाच एसएस सिग्नी पाहून घेतला. हाही अशाच जातीचा जोडतारा, पण इथे ओढलेला वायू बटूभोवती तबकडी करून साठत जातो आणि काही आठवड्यांनी तबकडी एकदम पेटते. बारावी प्रत सुटून आठवीपर्यंत येते. हार्वर्डच्या लुइसा वेल्स यांनी तो १८९६ मध्ये शोधला. त्या रात्री तो निजलेला होता. दोन्हीकडून निराशा.

भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या लांब येऊन सरळ रेघ काढली आपण."

सर म्हणाले, "अर्धीच फेरी बघितली आहे अजून."

त्यांचा हिशेब असा. ही जोडी एकमेकांभोवती ९ तास ५३ मिनिटांत फिरते. संध्याकाळचे चारेक तास बघून फेरीचा अर्ध्यापेक्षा कमी भाग हाती लागतो. पण चोवीस तासांत जवळजवळ अडीच फेऱ्या होतात. म्हणजे दुसऱ्या रात्री त्याच वेळी बसलं की जोडीची नेमकी पलीकडची बाजू समोर येते. दोन रात्री मुक्काम का करायचा, याचं हे खरं कारण.

दुसरा दिवस: तलाव, शेत, गोफण

सकाळी गवतावर इतकं दव होतं की चपला पिळून काढाव्या लागल्या असत्या. दुर्बिणीवर रात्री चादर टाकली होती तीही ओली. इथे जाणाऱ्यांनी नळीच्या तोंडाला जाड पुठ्ठ्याची किंवा फोमची लांब गुंडाळी बसवावी, नाहीतर नऊ वाजताच फाइंडर, म्हणजे नळीवरची छोटी शोधक दुर्बीण, धुरकट होतो. कानटोपी लागतेच, आणि खाली अंथरायला प्लास्टिकपेक्षा गोणपाट बरं.

नाश्त्याला मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि पाट्यावर वाटलेली लसूण-मिरची. सरांना तिखट सोसत नाही, पण ते खात राहिले आणि घाम पुसत राहिले.

यशवंत तलावाला चक्कर मारून परतताना ज्वारीचं शेत लागलं. कणसं भरलेली. मधे लाकडी माळ्यावर एक म्हातारे बाबा उभे होते, हातात गोफण. पोपटांचा थवा उतरला की ते डोक्यावरून एक-दोन वेढे देत, आणि "फट्ट" असा आवाज होऊन थवा उडे. जवळ जाऊन पाहिली. सुताची विणलेली दोरी, मधे खडा बसेल एवढी खोबण, एका टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसरं टोक मोकळं. ते मोकळं टोक चिमटीत धरून फिरवायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. खडे वाळवलेल्या मातीचे, शेजारी ढीग रचलेला. भाच्याने करून पाहिली. खडा मागे गेला, आमच्या डोक्यांवरून. बाबा माळ्यावरच बसून हसले.

सरांना वर्ग सापडला. त्यांनी बांधावर काडीने दोन गोळे काढले आणि भाच्याला समजावू लागले. बाबाही वरून वाकून बघत होते.

नेहमीच्या जोडीत नारिंगी ताऱ्याचा वायू बटूपर्यंत पोचतो आणि त्याच्यावर पडतो. इथे तो पोचतच नाही. हा बटू स्वतःभोवती ३३ सेकंदांत एक गिरकी घेतो. पृथ्वीला त्याला चोवीस तास लागतात. तेवढाच गोळा ३३ सेकंदांत. त्याच्या विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर जातो. शिवाय त्याला जबर चुंबकीय क्षेत्र आहे आणि तेही त्याच्याबरोबर गरगरतं. वायूचे गोळे जवळ आले की क्षेत्र त्यांना झोडपतं, वेग देतं आणि सेकंदाला शेकडो किलोमीटरने जोडीच्या बाहेर भिरकावून देतं. दोरी म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि खडा म्हणजे वायू. तबकडी बनायला उसंतच मिळत नाही.

हा तारा रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज बदलतं, हे १९३८ पासून ठाऊक होतं. ही ३३ सेकंदांची धडधड मात्र जोसेफ पॅटरसन यांनी १९७९ मध्ये प्रकाशमापकाने पकडली. आपल्या डोळ्याला ती दिसणार नाही, तेजातला तो फरक अगदी बारीक असतो. आपल्याला दिसतात ते भडके. बाहेर फेकलेले वायूचे गोळे एकमेकांवर आदळतात, तापतात आणि काही मिनिटांसाठी सगळी जोडी उजळते. वायू फेकला जातो ही उपपत्ती १९९७ मध्ये वायन, किंग आणि हॉर्न यांनी नीट मांडली, आणि पुढे कित्येक वर्षं या जातीचा हा एकच तारा माहीत होता. मेष राशीतला दुसरा अगदी अलीकडे सापडला. त्याचा बटू २५ सेकंदांत फिरतो, पण तो फार मंद आहे, आठ इंचीचं काम नाही.

"मग एवढा जोरात फिरायला लागला कसा?" भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पूर्वी कधीतरी वायू भरपूर येत होता आणि बटूवर पडतही होता, त्या माऱ्यानेच त्याला गिरकी मिळाली असं मानतात. नंतर वायू आटला, गिरकी उरली. आता ती गिरकी आलेल्याला जवळ येऊ देत नाही.

बाबांनी एवढं किती ऐकलं कोण जाणे. उजवा खांदा चोळत म्हणाले, "दिवसभर फिरवली ना, की संध्याकाळी हात वर जात नाही."

सर उडालेच. कारण तेच तर मोजलेलं आहे. फेकायला लागणारी ऊर्जा बटूच्या गिरकीतून जाते आणि गिरकी मंदावते. वर्षाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहून किंचित कमी. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा फुटकळ वाटतो, पण या दराने दोन कोटी वर्षांच्या आत गिरकी संपत आली पाहिजे, आणि ताऱ्यांच्या हिशेबात दोन कोटी वर्षं म्हणजे काहीच नाही. आपण एका छोट्या मधल्या काळात त्याला गाठलं आहे.

बाबांना एक सीताफळ दिलं. कालच्या बाईने "उद्या" म्हणून बाजूला काढलेलं.

दुसरी रात्र

चारला सीताखाईवर होतो तेव्हा आभाळ निरभ्र. सहाला पश्चिमेकडून ढगांची फळी आली आणि कोरीसकट सगळं गिळून बसली. साडेसात. आठ. दादांनी शेकोटी पेटवली. आम्ही मक्याची कणसं भाजली आणि कोणी वर बघायचं नाही असं ठरवलं. शेकोटीच्या उजेडाने डोळ्यांचा अंधारसराव जातो, म्हणून सर पाठ करून बसले होते, भिंतीकडे तोंड. शिक्षा झालेल्या मुलासारखे, असं भाचा हळूच म्हणाला.

साडेआठला श्रवण दिसला. दहा मिनिटांत अर्धं आकाश मोकळं. धावतच दुर्बिणीकडे गेलो.

८:४७ ला मी ११.४ सांगितलं. ८:५२ ला ११.३. त्यानंतर आयपीसला डोळा लावला आणि वाटलं, चुकीचा तारा धरला. क्षेत्र पुन्हा तपासलं. ७१ अ‍ॅक्विली काठाशी, तुलनेचे तारे जागच्या जागी, आणि आमचा पाहुणा ११.४ वाल्या ताऱ्यापेक्षा उघड उघड वरचढ. मी भाच्याच्या कानात ११.१ म्हटलं. सर वाकले, वेळ घेतला, आणि त्याच्या कानात काही पुटपुटले. भाच्याचा चेहरा लाल टॉर्चच्या उजेडात दिसत होता. त्याला गुपित सांभाळता येत नव्हतं.

आता दर दोन मिनिटांनी. ९:०६ ला १०.९. मग काही वेळ तिथेच. मग उतरण, आधी हळू, मग भराभर, आणि साडेनऊच्या आसपास ११.३. पुढे दहाच्या सुमाराला आणखी एक छोटा उंचवटा. ११.४ वरून १०.९ म्हणजे प्रकाश दीडपटीहून अधिक झाला, वीस मिनिटांच्या आत, आपल्या डोळ्यांदेखत. आकाशातल्या गोष्टी हळू घडतात अशी आपली समजूत असते. ग्रह सरकताना दिसायला रात्री जाव्या लागतात. इथे आयपीसमधून डोळा काढून चहाचा घोट घ्यावा तर परत येईस्तोवर तारा बदललेला.

दादांना हाक मारली. त्यांनी काल पाहिलेला तारा आज पुन्हा पाहिला. "काल यापेक्षा हा बारीक होता," त्यांनी शेजारच्या ताऱ्याशी जुळवून सांगितलं, "आज बरोबरीला आलाय." त्यांना चार्ट, प्रत, काहीच सांगितलेलं नव्हतं. ही नोंद आम्ही वहीत वेगळी लिहून ठेवली.

अकराला दोन्ही वह्या जुळवल्या. माझे आणि सरांचे आकडे फार तर ०.२ ने वेगळे, आणि चढउतार एकाच वेळी. तारा खाली आल्यावर वातावरणामुळे मंद दिसतो, पण तुलनेचे तारेही शेजारीच असल्यामुळे तेही तेवढेच मंद होतात. त्याची चिंता करू नये.

परतीची वाट: पाटणादेवी

सरळ घरी जायचं तर दुपारी पोचलो असतो. सर हट्टाला पेटले की धुळे, चाळीसगाव करून पाटणादेवीला जायचंच. पहाटे निघालो. घाटात धुकं होतं, दिवे लावून सावकाश उतरलो.

पाटणादेवी चाळीसगावपासून जवळ, गौताळा अभयारण्यात. पावसाळ्यानंतर डोंगर अजून हिरवे, ओढे वाहते. लोक देवीला येतात, धवलतीर्थाच्या धबधब्यावर जातात, वर पितळखोऱ्याची लेणी आहेत. सरांचा ओढा दुसरीकडे होता. इथल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातल्या राजाने त्याला देणगी दिली. देणगीचा तपशील जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्याच्या गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

"बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ज्योतिषाच्या शाळेला पैसे," सर म्हणाले. "आपल्याला शहाद्यात सेलच्या पाकिटावर पाच रुपये सूट मिळाली नाही."

खाली एका टपरीवर चहा घेतला. जंगलात शिरायला वनखात्याची पावती लागते आणि माकडांपासून पिशव्या सांभाळा. आमची उरलेली सीताफळं तिथेच गेली.

रात्री घरी येऊन भाच्याने सगळ्या नोंदी चार्ट देणाऱ्या त्या अमेरिकन संस्थेच्या साइटवर चढवल्या. तिथे वेळ ज्युलियन दिवसात, म्हणजे महिने-वर्षं न धरता सलग मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात, देता येते, आणि ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला. भारतात बसणाऱ्याला याचा फार आराम आहे: अख्खी रात्र एकाच दिवसाच्या आकड्यात येते, मध्यरात्री तारीख बदलून घोळ होत नाही.

हा तारा रात्रभर डोक्यावर असतो तो ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे नेमका भर पावसात. म्हणून खानदेशात त्याचे दोनच हंगाम: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आणि मेच्या पहाटे. आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो, त्यामुळे तिकडच्यांना हे तास कधीच मिळत नाहीत. सहा ते दहा इंची दुर्बीण असलेल्या कोणीही ते भरून काढावेत. सरांनी मेमधल्या अमावास्येची तारीख कॅलेंडरवर आत्ताच गोल केली आहे. भाच्याची परीक्षा त्याच आठवड्यात आहे, ते त्याच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही.